चार्दाश नाचायला कसं उतरावं: बुडापेस्टमधली ऑगस्टची एक संध्याकाळ

20 ऑगस्टला बुडापेस्टमध्ये असू तर काय करावं, हे मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. भाच्याचे मित्र, ओळखीच्यांच्या ओळखीचे, एकदा तर आईच्या सोसायटीतल्या काकूंच्या विहीणबाई. मी सांगते, चार्दाश नाचा, हा हंगेरीचा जोडीने नाचायचा लोकनाच. त्यावर सगळे हसतात आणि आतषबाजी कुठून चांगली दिसते ते विचारतात.

आतषबाजी रात्री 9 वाजता दान्यूबवर होते आणि दोन्ही काठांवरून दिसते. त्यासाठी कुणाच्या मार्गदर्शनाची गरज नाही. हवामान तेवढं बघा. 2006 साली ऐन आतषबाजीच्या वेळी वादळ आलं आणि माणसं गेली. 2022 साली वादळाचा अंदाज आला म्हणून कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलला, वादळ काही शहरात आलं नाही, आणि हवामान खात्याच्या प्रमुखांची नोकरी गेली.

दिवस आहे हंगेरीचा राजा इश्तवान याचा, म्हणजे सेंट स्टीफनचा. 1083 साली याच तारखेला त्याला संतपद मिळालं. नव्या गव्हाच्या पावाला लाल-पांढरी-हिरवी फीत बांधून आशीर्वाद देतात. सकाळी हे सगळं बघा. संध्याकाळ मात्र माझ्या सांगण्याप्रमाणे घालवा.

जायचं कुठे

बुडाच्या किल्ल्यावर. 20 ऑगस्टला धरून तीन-चार दिवस तिथे ‘मेश्तेरशेगेक उन्नेपे’ हा कारागिरांचा उत्सव असतो, 1987 पासून. तिकीट आधी काढा. वर जायला केबलवरच्या जुन्या डब्याच्या रांगेत उभं राहू नका. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या वार्केर्त बाझारच्या बाजूने सरकते जिने आहेत. दिवसभर कुंभार, लोहार, निळीत ठशांचं कापड रंगवणारे बघा. भूक लागली तर लांगोश, म्हणजे तळलेला जाडसर पाव खा, आंबट साय आणि चीज घातलेला; शाकाहाऱ्यांना तोच आधार. गुलाश म्हणजे मांसाचं सूप, विषय संपला. अंधार पडायला लागला की जिथून व्हायोलिन ऐकू येतं तिकडे चालू लागा.

तिथे जे चाललेलं असतं त्याला तांत्सहाझ म्हणतात, शब्दशः नाचघर. आता रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक नावाच्या गावी तरुण मंडळी नाचायला घर भाड्याने घ्यायची, तिथून हा प्रकार आला. 6 मे 1972 ला बुडापेस्टच्या पोरांनी शहरात पहिलं नाचघर भरवलं. 2011 साली युनेस्कोने ही पद्धत जपणुकीचा चांगला नमुना म्हणून नोंदवली. यात बघणारे आणि नाचणारे असे दोन गट नसतात. हात बांधून उभे राहिलात तर तुम्ही वाटेत आहात.

कपडे

गुळगुळीत तळाचे बूट घाला. खेळाचे बूट नकोत. रबर जमिनीला धरतं आणि गुडघा पिरगळतो. बायकांनी घेरदार स्कर्ट. पाचवारी साडी अजिबात नको. नऊवारी चालेल, मी नेसून नाचले आहे.

पहिला तास

आधी एखादा शिक्षक पावलं दाखवतो, मग वादक सुरू करतात. रोमानियातल्या मोल्दवा भागाकडचे नाच गोल करून, हात धरून असतात. तिथे बिनधास्त शिरा. पण रात्रभर तिथेच राहू नका. पुरुष एकेकटे पोटऱ्यांवर आणि बुटांवर थापा मारत नाचतात, त्याला लेगेन्येश म्हणतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या मावसभावाने जाऊन बघितलं आहे.

जोडीदार

‘सॉबॉद?’ असं विचारायचं, म्हणजे ‘चालेल का?’ बाईने पुरुषाला विचारलं तरी कुणी डोळे विस्फारत नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगणार नाही. नाच एकामागून एक जोडलेले असतात, संथ, मग जलद, मग आणखी जलद, आणि ही अख्खी माळ वीस-वीस मिनिटं चालते. माळ संपेपर्यंत जोडीदार तोच. मी पहिल्या वर्षी एका भल्या माणसाला पाच मिनिटांत ‘थँक यू’ म्हणून पाणी प्यायला गेले. तो तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या बाजूच्या बाईने माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. दमलात तर वेग कमी करा, पण जोडी सोडून जाऊ नका.

मूळ पाऊल

दोन पावलं उजवीकडे, दोन डावीकडे, दुसरा पाय आणून जुळवायचा. चार्दा म्हणजे वाटेवरचं खाणावळवजा गुत्त्याचं ठिकाण, आपला जुना धाबा म्हणा, त्यावरून चार्दाश. संथ भागात एवढं पाऊल पुरतं. अर्ध्या तासात येतं.

गिरकी

इथे आपण मराठी बायका हमखास मार खातो, आणि कारण आहे फुगडी.

ऑगस्ट म्हणजे श्रावण. मंगळागौरीला लहानपणापासून फुगड्या घातलेल्या, त्यामुळे जोडीने गरगर फिरायचं म्हटलं की अंग आपोआप तयार होतं. पाय जुळवायचे, चवडे समोरच्याच्या चवड्यांना भिडवायचे, कोपर ताठ, सगळा भार मागे, डोकं मागे, आणि पिंगा. मी नेमकं हेच केलं. समोर सत्तरीचे एक आजोबा होते, त्यांना याची कल्पना नव्हती. दुसऱ्याच फेरीत त्यांचा चष्मा उडाला आणि वादकांच्या पायाशी जाऊन पडला. त्यांनी तो पुसला, घातला, आणि मला पुन्हा पहिल्यापासून उभं केलं.

चार्दाशची गिरकी, फोर्गो, अशी असते. दोघं अगदी समोरासमोर नसता. किंचित सरकून, तुमची उजवी कूस त्याच्या उजव्या कुशीजवळ. त्याचे तळवे तुमच्या पाठीच्या पंख्यांवर, तुमचे हात त्याच्या खांद्यांवर, कोपर वाकलेले. फिरायचं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उजवा पाय आत, जणू दोघांच्या मध्ये एक खुंटा ठोकलाय त्याच्यालगत. ठोक्यावर हा उजवा पाय पूर्ण टेकायचा, गुडघा जरासा मऊ ठेवून. दोन ठोक्यांच्या मध्ये डाव्या पायाच्या चवड्याने जमीन मागे रेटायची. सायकलवर टांग टाकायच्या आधी एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्याने रेटतो ना, तसंच. आत टेक, बाहेर रेट, एवढंच. पाय जुळवले की फुगडी झाली आणि खेळ संपला.

भार मागे द्यायचा असतो, हे फुगडीसारखंच. पण तो हातांतून नाही, पाठीतून. त्याच्या तळव्याला तुमचं वजन लागलं पाहिजे. हातांना लोंबकळलात तर त्याचे खांदे दुखतात आणि दोघांची गिरकी अंड्यासारखी लंबुळकी होते. कंबरेतून वाकायचंही नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत एक सरळ रेघ, ती किंचित बाहेर कललेली.

चक्कर येऊ नये म्हणून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहा, असं बरेच जण सांगतात. तो सल्ला एकट्याने गिरकी घेणाऱ्यांसाठी आहे. इथे तो पाळलात तर मान मोडेल. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघा. तुमच्याबरोबर फिरणारी तेवढी एकच गोष्ट स्थिर दिसते. डोळ्यांत बघायला संकोच वाटत असेल तर त्याच्या कानाकडे बघा. पायांकडे बघाल तर पडाल.

आता ठोक्याचं. मी दोन वर्षं चुकत होते, कारण मी व्हायोलिन ऐकत होते. व्हायोलिन नाचवतं खरं, पण पाय कुठे टाकायचा ते सांगत नाही. शेजारी व्हायोलिनसारखंच पण जाडसर एक वाद्य असतं, कोन्त्रा. त्याची घोडी सपाट असते, म्हणून गज एकदम तिन्ही तारांवर चालतो. जलद चार्दाशमध्ये कोन्त्रा ठोक्यांच्या मधल्या जागा भरतो, आणि खुद्द ठोका असतो बासचा, म्हणजे उभ्या धरलेल्या मोठ्या खर्जाच्या वाद्याचा. आजोबांनी मला तेच दाखवलं: बासवाल्याच्या हाताकडे बोट केलं आणि स्वतःचा उजवा पाय आपटला. पुण्याच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर ताशा ऐकू नका, ढोल ऐका. बासवर उजवा पाय, कोन्त्रावर डावा. त्या रात्री पहिल्यांदा मला गिरकीत श्वास घ्यायला फुरसत मिळाली.

पडतात ते वेगामुळे नाही, दिशा बदलताना. उजवीकडची गिरकी थांबवून डावीकडची घ्यायची तेव्हा डावी कूस जवळ येते आणि आत डावा पाय जातो. या अदलाबदलीला एक अख्खा ठोका द्या. तो ठोका वाचवायला गेलात की पायात पाय. कधी बदलायची ते पुरुषाला ठरवू द्या, त्याच्या तळव्याचा दाब आधी बदलतो. पुरुषांसाठी सूचना: दाब द्या, ढकलू नका. आणि दगडी फरशीवर नाचायची वेळ आली तर गिरकी विसरा, मूळ पाऊल घाला. फळ्यांची जमीन असेल तिथेच फिरा.

घरी सराव करणार असाल तर बहिणीबरोबर करू नका. ती फुगडीच घालणार.

माळ संपल्यावर

‘क्योस्योन्योम’ म्हणा, म्हणजे धन्यवाद, आणि एका जागी दहा सेकंद उभे राहा, चालायला लागू नका. मग फ्रोच मागा, वाइनमध्ये सोडा. मोठ्या फ्रोचमध्ये दोन भाग वाइन आणि एक भाग सोडा असतो, छोट्यात निम्मेनिम्मे. पुढची माळ नाचायची असेल तर छोटा घ्या. वाइन नको असेल तर नुसता सोडा मिळतो, कुणी काही म्हणत नाही.

9 वाजता आतषबाजी सुरू झाली की निम्मी गर्दी तटाकडे पळते. जागा मोकळी होते. गिरकी शिकायला सगळ्या उत्सवात याच्याइतकी चांगली वेळ दुसरी नाही.