लॉखवर पोचताच पाण्यात उतरू नका

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, सदरलंड-असिंटकडच्या आडबाजूच्या लॉखपर्यंत (लॉख म्हणजे तिकडचं तळं) मासेमारीसाठी दलदल तुडवत दोन तास चालत जायचं आणि पोचल्या पोचल्या गमबूट घालून पाण्यात शिरायचं, ही चूक बहुतेक जण करतात. तपकिरी ट्राउट हा मासा तिथे पुष्कळदा काठापासून हातभर अंतरावरच, उथळ पाण्यात चरत असतो. आपलं पहिलं पाऊल पडताच तो खोलात पळतो.

मी आता असं करतो:

१. काठापासून चार-पाच पावलं मागेच थांबा, वाका. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका.

२. पहिला फेक लहान, काठाला समांतर. एकच माशी (गळावर बांधलेलं पिसा-दोऱ्याचं कृत्रिम आमिष) बांधा. ब्लॅक पेनेल नावाची काळी माशी पुरते. तीन माश्या बांधल्या की वाऱ्यात दोरीचा गुंता सोडवण्यातच दिवस जातो.

३. दोन-तीन फेक झाले की काही पावलं पुढे सरका. एका जागी रेंगाळू नका.

४. माशी जवळ आली की झटकन उचलू नका. रॉड सावकाश वर घ्या, माशी क्षणभर पृष्ठभागावर रेंगाळू द्या. मागोमाग आलेला मासा तिथेच तोंड घालतो. माझे निम्मे मासे या शेवटच्या क्षणाला लागलेत!

जपायचं ते एवढंच: पीटचा (कुजक्या वनस्पतींच्या दलदली मातीचा) तळ वरून घट्ट दिसतो, पण पाय मांडीपर्यंत रुततो. एकटे असाल तर काठावरूनच मासेमारी करा. हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. परवाना आधी काढा.