स्वधर्म शोधायचा कसा? वही घ्या, पॅशनचं नंतर बघू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलीही गल्ली घ्या, पंचविशी-तिशीतला एक तरी पोरगा नाहीतर पोरगी अशी असतेच की डिग्री झालीय, पुण्यात नाहीतर बेंगळुरात दोन कंपन्या फिरून झाल्यात, पगार बराय, पण रात्री मोबाईल बाजूला ठेवला की डोक्यात एकच किडा, हे सगळं आपण करालोय कशासाठी. मग रील्स बघायचे, कुठल्यातरी कोचचा ऑनलाईन कोर्स घ्यायचा, आठ दिवस पहाटे उठायचं आणि परत होतं तिथंच. आणि गंमत बघा, पारायण संपताना आपणच सगळे मिळून पसायदान म्हणतो, त्यात "विश्व स्वधर्मसूर्यें पाहो" येतं, पण माझा स्वधर्म नक्की कुठला हे विचारायच्या आधीच महाप्रसादाला पंगत बसलेली असते.

तर खाली तो शोधायची एक रीत सांगतो. प्रवचन नाही, करायची कामं आहेत. एक साधी शंभरपानी वही लागेल आणि चार महिने लागतील, का ते पुढं येईलच. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहू नका, तिथं आपण आपल्याला दिसायला बरं तेवढंच लिहितो.

पहिलं काम: पळून जायचंय का ते बघा

अर्जुनाचं सगळ्यांना माहिती आहे, पण एक गोष्ट आपण सोडून देतो की तो काही बेकार बसला नव्हता आणि आवड शोधतही फिरत नव्हता, त्याला धनुष्य चालवता येत होतं आणि त्याच्या तोडीचे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि ऐन कामाच्या टायमाला त्याला वाटायला लागलं की यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हणतोय तो तसं. बरं कारणं काय कमी भारी आहेत का, कुळाचा नाश होईल, गुरूंवर बाण कसा टाकू, ऐकणाऱ्याला वाटावं हा तर पोचलेला माणूस. कृष्णानं ते काही मान्य केलं नाही. पुढं तिसऱ्या अध्यायात सरळ सांगितलं की आपला धर्म उणा-दुणा असला तरी दुसऱ्याचा नीट पार पाडण्यापेक्षा बरा, आणि हेच अठराव्या अध्यायात परत सांगितलंय, म्हणजे बघा किती महत्त्वाचं असेल.

तर वहीच्या पहिल्या पानावर मध्ये रेघ मारा, डावीकडं काय सोडावंसं वाटतंय ते आणि उजवीकडं त्याच्या जागी काय करावंसं वाटतंय ते. आता समजा डावीकडचा त्रास उद्या संपला, तो छळणारा मॅनेजर बदलून गेला, पगार दीडपट झाला, घरच्यांनी लग्नाचा विषय बंद केला. तरी उजवीकडचं हवंय का? हवं असेल तर पुढं जाऊ. नको वाटायला लागलं तर तुमचा प्रश्न स्वधर्माचा नाही, नोकरी बदलायचा आहे, आणि तो सोपा आहे, त्याला गीता उघडायची गरज नाही. आयटी सोडून खानापूरला भातशेती करणार म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यातल्या किती जणांनी भर पावसात चिखलात उतरून अख्खा दिवस रोप लावलंय ते एकदा विचारून बघा म्हणजे मी काय म्हणतोय कळेल.

दुसरं काम: ऋणांची पानं, आणि इथं वेळ द्या

मला विचाराल तर सगळ्या रीतीचं मूळ इथं आहे. आजकाल सगळे विचारतात मला काय आवडतं, आणि आवड तर दर सहा महिन्यांनी बदलते. आपल्याकडं जुनी पद्धत उलटी होती, मी कुणाचं देणं लागतो इथून सुरुवात. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणं घेऊन (आपण ते सगळ्यांनाच लागू धरू), ऋषींचं, देवांचं, पितरांचं, आणि गृहस्थाचे जे रोजचे पाच यज्ञ सांगितलेत त्यात या तिघांबरोबर माणसं आणि बाकीचे जीव पण येतात. तर वहीत पाच पानं करा आणि प्रत्येक पानावर खरी नावं लिहा, "समाज", "निसर्ग" असलं मोघम काही लिहायचं नाही.

ऋषींच्या पानावर ज्यांनी शिकवलं ते. आपल्या भागात या पानाची जरा गंमत आहे, कारण घरात मराठी, शाळा मराठी, आणि मग हायस्कूलला किंवा कॉलेजला कुणीतरी कन्नड मास्तर भेटलेले असतात ज्यांनी तुमची मोडकी कन्नड सांभाळून घेऊन गणित डोक्यात घातलं. सीमाप्रश्न त्याच्या जागी, त्याचं राजकारण त्याच्या जागी, पण या पानावर त्या मास्तरांचं नाव गाळायचं नाही. फाऊंड्रीत पहिल्यांदा साचा धरायला शिकवणारा मिस्त्री, सायकल दुरुस्तीवाला काका, हे पण इथंच.

पितरांचं पान म्हणजे फक्त आई-बाबा नव्हे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या कितीतरी घरांत आज्जा-आज्जी मागावर साड्या विणायचे, आता माग मोडून कुठंतरी अडगळीत पडलाय, तर ते पण देणंच आहे, मागच आता चालवला पाहिजे असं मी म्हणत नाही, पण लिहून ठेवा. देवांच्या पानावर ऊन, पाऊस, आणि घरचा कुलदैवताचा जो काय कुळाचार असेल तो. माणसांच्या पानावर रक्ताच्या नात्यातले नसलेले, कधी अडचणीत दवाखान्यात रात्रभर बसलेला शेजारी वगैरे. शेवटच्या पानावर जनावरं, झाडं, नदी. खानापूरकडचा असाल तर मलप्रभा लिहा, कणकुंबीला उगम पावते आणि आपण लहानपणापासून तिचंच पाणी पितोय.

आता हे वाचून छाती दडपू नका, सगळं फेडायचं नाहीये, एका जन्मात होतही नाही. प्रत्येक नावापुढं दोनच गोष्टी बघायच्या. हे देणं द्यायला मला आनंद होईल का, कुणाला कळलं नाही तरी? होत असेल तर टिकमार्क. आणि माझ्याकडं आत्ता जे आहे, हात, डोकं, थोडा पैसा, शिक्षण, त्यातून ते देता येईल का? येत असेल तर दुसरी टिकमार्क. दोन्ही टिकमार्क ज्यांना आल्या ती नावं गोल करा. थोडीच राहतील आणि बहुतेक वेळा ती एकमेकांच्या जवळची निघतात, कुणाची सगळी शिकवण्याकडं जातात, कुणाची आजारी-म्हाताऱ्या माणसांकडं, कुणाची पाण्या-जमिनीकडं. हीच दिशा. पर्पज म्हणून जे काय शोधालाय ते याच्याच आसपास कुठंतरी आहे.

स्वभाव बघायचा, जात नाही

आता एक अवघड विषय, तो टाळून पुढं जाता येत नाही. स्वधर्म म्हटलं की काही जण लगेच वर्ण काढतात, बापाचा धंदा तोच पोराचा धर्म, आणि याच नावाखाली लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलंय हे खरंच आहे, त्यात सारवासारव करायला नको. पण याला उत्तर पण आपल्याच मुलखात दिलं गेलंय. वर जी मलप्रभा लिहिली ती पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथंच बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णा आणि बाकीच्या शरणांनी (त्यांच्या संगतीतल्या शिवभक्तांनी) कायक सांगितलं, प्रामाणिकपणे केलेलं कुठलंही काम हीच पूजा, मग दोर वळणारे नुलिय चंदय्या असोत नाहीतर सांडलेले तांदूळ वेचणारे आयदक्की मारय्या, आणि जातीनं कुणी वर कुणी खाली हे मानायला नकार दिला. त्या मारय्यांची गोष्ट मला फार आवडते. एक दिवस ते रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले तर बायकोनं, लक्कम्मांनी, स्वयंपाकाला हातच लावला नाही, जास्तीचे आधी परत टाकून या म्हणाल्या. नवरा-बायकोत असं बोलणं होतं, आठशेहून जास्त वर्षांपूर्वी.

तर स्वभाव ओळखायला वंशावळ नको, तीन माणसं पुरतात. एक घरातलं, एक तुमच्याबरोबर काम केलेलं, आणि एक तुमचं फारसं न पटणारं. तिघांनाही एवढंच विचारा, "माझ्याकडं लोक कुठल्या कामासाठी येतात, आणि कुठलं काम मी टाळतो?" तिसरा माणूस महत्त्वाचा, तो तोंडावर गोड बोलणार नाही. आणि स्वतःला विचारायचं तर हे विचारा की कुठल्या कामातला कंटाळवाणा भाग पण मला चालतो. गाणं सगळ्यांना आवडतं, सुरांचा एकच पलटा तासभर घोकायला कुणाला आवडतो ते बघा.

राजीनामा देऊ नका

दिशा कळली की लोकांना एकदम घाई होते. नको. आपल्या भागातले बाळेकुंद्रीचे पंत महाराज बेळगावात मास्तर होते, संसार होता, शाळा होती आणि त्यातच दत्तभक्ती, पदं, शिष्य सगळं चाललं होतं. इंचगेरी परंपरा घ्या, विजयपूर जिल्ह्यातली. त्यातले गुरुदेव रानडे जमखंडीचे, अलाहाबादला विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि त्याच परंपरेतले निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचं दुकान चालवायचे, निपाणीकडच्या माणसाला विडीचा धंदा काय असतो ते सांगायला नकोच. निसर्गदत्तांनी तर 1937 साली सगळं सोडून भटकंती धरली होती, पण 1938 ला परत आले, घर आणि दुकान परत सुरू केलं आणि पुढची वाट तिथंच चालले. म्हणजे पोटाचं काम एक आणि स्वधर्म दुसरा असू शकतो, दोन्ही एकाच दिवसात बसतात, बसवावे लागतात.

आता चार महिन्यांचं. आषाढी ते कार्तिकी आपल्याकडं लोक नेम धरतात, कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज हरिपाठ. तुम्ही त्या गोल केलेल्या नावांतलं एक घ्या आणि त्याचा नेम धरा. छोटा, अगदी छोटा. आठवड्यातून दोन संध्याकाळी गल्लीतल्या सातवी-आठवीच्या पोरांचं गणित घ्यायचं, रोज अर्धा तास आज्जीजवळ बसून तिच्या ओव्या लिहून घ्यायच्या, रविवारी सकाळी गावच्या तळ्याकाठचं प्लास्टिक उचलायचं. वेळ ठरलेली, पैसे घ्यायचे नाहीत, आणि व्हॉट्सअपला स्टेटस टाकायचं नाही. शेवटची अट सगळ्यात जड जाते असा अनुभव आहे लोकांचा. आषाढी होऊन गेली असेल तर पुढच्या एकादशीला धरा, देव काय हजेरी घेत नाही.

दर पंधरा दिवसांनी वहीत दोन ओळी लिहा: घरात चिडचिड कमी झाली का वाढली, आणि नेमासाठी कुठं खोटं बोलावं लागलं का. सत्य, अस्तेय, क्षमा, अक्रोध हे सगळ्यांसाठी सारखेच धर्म सांगितलेत, स्वधर्म त्यांच्या आतच बसतो. ज्या कामापायी बायकोशी खोटं बोलावं लागतंय किंवा आईवर ओरडावं लागतंय ते काम कितीही पवित्र दिसू दे, त्यात कुठंतरी गडबड आहे.

मध्येच सगळं ठप्प झालं तर? होतं की. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, लहानपणीच नाव झालेलं, आणि 1940 च्या दशकाच्या शेवटी क्षयानं गाठलं, एक फुफ्फुस गेलं, गाणं बंद. देवासला अंथरुणावर काही वर्षं काढली. गाता येत नव्हतं, ऐकता येत होतं, मग माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि नंतर उठून गायला लागले तेव्हा त्या ऐकण्यानं त्यांचं गाणंच वेगळं होऊन आलं. त्यामुळं नेम मोडला, आजारपण आलं, बदली झाली तर वहीत एवढंच लिहा की त्या दिशेचं कुठलं काम आत्ता, या अवस्थेत, करता येतंय.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. कशातच अर्थ वाटत नाही, झोप उडालीय, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतंय, असं असेल तर ही वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, नाहीतर सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे 14416, फुकट आहे, त्यावर बोला. अध्यात्म त्यानंतर.

राहिला घरच्यांचा प्रश्न, तो सगळेच विचारतात. बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे, आणि गोल केलेलं नाव तिसरीकडंच बोट दाखवतंय. इथं भांडायचं नाही आणि मान तुकवून गप्पही बसायचं नाही. बाबांचं नाव पितरांच्या पानावर आहेच, तेव्हा त्यांच्याशी बोलताना "मला हे आवडतं" म्हणू नका, "तुमचं देणं मी असं फेडीन" म्हणा, म्हणजे घराचा हप्ता कोण भरणार, म्हातारपणी जवळ कोण राहणार, हे आकड्यांत आणि नावांत मांडा. बऱ्याच घरांत भांडण स्वप्नावरून नसतंयच, त्या हप्त्यावरूनच असतंय. परीक्षा द्यायची ठरली तर द्या, पण नेमाच्या दोन संध्याकाळी सोडू नका, आणि कार्तिकीला वही घेऊन बाबांच्याच शेजारी बसा, चार महिन्यांत काय काय झालं ते त्यांनाच वाचायला द्या.