अ‍ॅम्पमधली हूंऽऽ घालवा, पण अर्थची पिन तोडू नका

परवा मेहुणे आले होते जुळे सोलापुरातल्या घरी, मी हौसेनं अ‍ॅम्प चालू केला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच सबवूफरमधून (जड बासचा स्पीकर) हूंऽऽऽ. म्हणाले, काय दाजी, घरात यंत्रमाग टाकला का? आणि लगेच उपाय, प्लगची वरची जाड पिन तोडून टाका, आवाज बंद.

आवाज बंद होतो हो, म्हणूनच हा सल्ला गावभर फिरतो. पण ती पिन अर्थची आहे. उद्या आत फेज सुटून बॉडीला लागली तर करंट त्याच पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. पिनच नसेल तर एमसीबी गप्प, पत्र्याची बॉडी २३० व्होल्टवर, आणि लाल-पांढऱ्या आरसीए वायरच्या शिल्डमधून (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी) तोच करंट टीव्हीपर्यंत. पोरं तिथंच खेळत असतात. थ्री पिनला टू पिन करणारं कन्व्हर्टरही त्यातलंच, ते पण नको.

मुळात होतं काय, तर दोन वस्तूंना अर्थ दोन वेगळ्या वाटांनी मिळतो, दोन्हीकडं जरासा व्होल्टेजचा फरक असतो आणि त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरच्या शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट फिरत बसतो, तेच अ‍ॅम्प मोठं करून ऐकवतो. म्हणजे करंटचा हा गोल तोडायचाच तर ऑडिओच्या बाजूनं तोडा, लाईटच्या बाजूनं नाही.

आधी चोर पकडा. अ‍ॅम्प बंद करून मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा, फक्त स्पीकर ठेवा, मग चालू करा. तरी हूं येतेय तर दुखणं अ‍ॅम्पच्या पोटात आहे, बहुतेक सप्लायचा मोठा कपॅसिटर गेलाय (तो आवाज १०० हर्ट्झचा, जरा चढा असतो). झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मेकॅनिककडं द्या. शांत झाला तर एकेक वायर परत लावत जा, दरवेळी अ‍ॅम्प बंद करून. जिच्यानं हूं परत येते तीच. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, तिथंच कळतं बऱ्याचदा.

माझ्याकडं चोर निघाला केबलवाल्याची काळी वायर. ती खांबावरून, चार घरं फिरून येते, तिचा अर्थ वेगळा आणि आपल्या घराचा वेगळा. सगळं बंद करून आधी तिच्या बाहेरच्या धातूला टेस्टर लावा, पेटला तर हात लावायचा नाही, वायरमनला बोलवा. नाही पेटला तर सेट टॉप बॉक्सची ती वायर काढून ऐका. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तरी हमिंगचा नाद सोडा, आधी अर्थिंग तपासून घ्या, आपल्याकडं मे महिन्यात काळी माती तडकते आणि अर्थचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, त्यात पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिला उपाय फुकटचा, टीव्ही, बॉक्स, अ‍ॅम्प सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या थ्री पिन बोर्डवर घ्या. तेवढ्यानं नाही भागलं तर आरसीए वायरच्या मधे ऑडिओ आयसोलेटर लावा, आत बारका ट्रान्सफॉर्मर असतो, पण स्वस्तातला घेतला तर बास खातो. केबलच्या वायरीसाठीही वेगळा आयसोलेटर मिळतो.

मी टीव्ही ते अ‍ॅम्प ऑप्टिकल केबल टाकली, त्यात तांबंच नाही, नुसता उजेड जातो, करंट फिरणार कुठून. फक्त एचडीएमआय पण लावून ठेवली तर तिच्या शिल्डमधून गोल परत पुरा होतो, ती काढा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा. आणि हो, ऑप्टिकलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारकी टोपणं असतात ती आधी काढा, मी तशीच दाबून बसवली आणि अर्धा तास हूं पण नाही न् गाणं पण नाही.