अठराव्या शतकातला सोनेरी इंग्लिश आरसा कसा पारखावा

सोनं बघून भाळू नका. आधी दोन पावलं मागे सरून नक्षी बघा.

ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन नगरांपैकी 1738 मध्ये हर्क्युलेनियमचं आणि 1748 मध्ये पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं आणि युरोपला जुन्या रोमचं वेड लागलं. रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुविशारद इटलीत राहून आला, आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातल्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मापं घेऊन आला आणि त्याने इंग्लंडच्या दिवाणखान्यांचं रूपच पालटलं. आधीच्या रोकोको (नागमोडी, भरगच्च नक्षीच्या) शैलीतल्या आरशांवर शिंपले आणि कशाही वळलेल्या वेली असत. नव्या चौकटी बऱ्याचदा लंबगोल, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. माथ्यावर कलश, दोन्हीकडे ओघळणाऱ्या बारीक कळ्यांच्या माळा, कुठे मेंढ्याचं मस्तक. बहिर्गोल काच आणि वर गरुड असेल तर तो आरसा बहुधा 1800 नंतरचा.

माळ तुटली असेल तर आत तार दिसेल. दचकू नका, नकली म्हणून टाकूनही देऊ नका. इतक्या नाजूक माळा लाकडात टिकत नाहीत, म्हणून खडू, सरस आणि राळेचा लगदा तारेवर चढवत.

आता भिंग काढा. लाकडावर खडू-सरसाचा पांढरा लेप, त्यावर बहुधा तांबूस मातीचा हात आणि वर सोन्याचा वर्ख, असे थर असतात. जिथे हात आणि फडकी लागतात त्या उंचवट्यांवर ती लाली डोकावते. खोबणीतही तितकीच झीज दिसली तर ती कुणीतरी मुद्दाम केलेली समजा. सोनेरी रंग फासला असेल तर तो काळाबरोबर तपकिरी पडतो. वर्ख तसा काळवंडत नाही.

मग आरसा पाठमोरा करा. माझा सगळा भरवसा पाठीवर. पाइनचं वाळलेलं, काळवंडलेलं लाकूड, हातरंध्याच्या खुणा, कडेला सोनं वाचवायला फासलेला पिवळा रंग.

काचेला नाणं टेकवा. जुनी काच सहसा पातळ, त्यामुळे नाणं आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट कमी. जुन्या काचेमागची पारा-कथलाची कलई किंचित करडी दिसते, तिच्यात चमचमते ठिपके पडतात. पण काच नंतर बदललेली असू शकते. तेवढ्यासाठी चांगली चौकट सोडू नका, किंमत मात्र पाडून मागा.

घरी आणल्यावर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ओलं फडकं लावलंत तर सरस सुटतो आणि सोनं फडक्यावर येतं.