आयर्लंडला निघालात? मुलाच्या शाळेचं आधी बघा

परळच्या एका शाळेच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी दाखले लिहिण्यात गेली. त्यामुळे इथल्या हॉस्पिटलांतल्या नर्स आयर्लंडला निघाल्या की मुलांचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. पोस्टिंग टुलामोर, नवनसारख्या छोट्या गावात असतं, आणि अशा गावात मुलग्यांची माध्यमिक शाळा बहुधा कॅथलिक. नावात ‘सीबीएस’ दिसलं तर ती मूळची ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक संघाची. एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला सुरू केलेल्या कामातून उभी राहिलेली.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मावशी, डोनेशन किती?” अहो, फी घेणाऱ्या मोजक्या शाळा सोडल्या तर सरकारी अनुदानावरच्या शाळेत प्रवेशासाठी पैसे घेताच येत नाहीत. २०१८ च्या कायद्याने पालकांची मुलाखत, पगार, मुलाचे मार्क, अर्ज आधी आला की नंतर, यातलं काहीही धरायला बंदी आहे. तेव्हा ओळखी शोधण्यात वेळ घालवू नका, शाळेच्या वेबसाइटवरचं प्रवेश धोरण वाचा. जागा कमी पडल्या तर कोणाला आधी घेणार, ते त्यात क्रमाने लिहिलेलं असतं: भाऊ शाळेत आहे का, कुठल्या प्राथमिक शाळेतून आला, घर कुठल्या भागात. जागा अपुऱ्या असतील तर माध्यमिक शाळा कॅथलिक मुलांना प्राधान्य देऊ शकते, म्हणून तो मुद्दा कितव्या नंबरवर आहे ते नीट बघा आणि जवळच्या दुसऱ्या शाळेतही अर्ज टाकून ठेवा.

माध्यमिकच्या पहिल्या वर्षाचे अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून घेतात, शाळा ऑगस्टअखेर सुरू होते. त्या शालेय वर्षातल्या १ जानेवारीला मुलगा १२ वर्षांचा हवा. आपल्याकडची सातवी संपवून गेलं की बरोबर बसतं. मधल्या वर्गात जायचं असेल तर जागा रिकामी आहे का, एवढाच प्रश्न. जागा भरल्याचं सांगून नकार आला तर २१ दिवसांत व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचाराचा लेखी अर्ज करता येतो, त्यानंतर शिक्षण खात्याकडे अपील.

आता कागद. जन्मदाखल्यात मुलाचं नाव चढलंय का? कित्येकांच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच असतो आणि ते निघायच्या आठवड्यात लक्षात येतं, मग वॉर्ड ऑफिसात पळापळ. एलसीवर, म्हणजे आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, स्पेलिंग तिसरंच, असलं सगळं इथेच निस्तरा.

धर्माच्या तासाला बसवायचं नसेल तर शाळेला तसं लिहून द्या. त्याची सोय काय, हे प्रवेश धोरणात असावंच लागतं. माझं विचाराल तर बसू द्या. माझगाव-माटुंग्याच्या फादरांच्या शाळांतून इतकी मराठी पोरं शिकली, कोणाच्या घरचा गणपती बंद पडला नाही. आयरिश भाषेची धास्तीही नको. बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण परदेशात झालं असेल तर सूट मिळू शकते, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा.

युनिफॉर्मची ग्रे पॅन्ट दादरहून चार-चार शिवून नेऊ नका. या वयात पोरं दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर जातात.