आपोआप दुरुस्त होणारी यंत्रणा बनवताय? या चुका टाळा

अशी रचना करायला बसलं की सगळं डोकं एकाच प्रश्नावर चालतं: तुटलेलं पुन्हा कसं जुळवायचं? त्यावर बरेच उपाय आहेत. घोळ होतो तो जुळवण्याच्या आधी आणि नंतर.

दुरुस्ती होते, पण दिसत नाही

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. जड वाहनांच्या एअर ब्रेकमधला ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर घ्या. ब्रेकचं लायनर (ड्रमवर घासणारा थर) झिजलं की ते आणि चाकासोबत फिरणारा ड्रम यांच्यातली फट वाढते, ब्रेक लावणाऱ्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, जास्त सरकावं लागतं. ॲडजस्टर ही वाढ आपोआप भरून काढतो. तरीही तपासणीत स्ट्रोक (पुशरॉड सरकतो ते अंतर) मर्यादेबाहेर सापडला, तर अनेक ठिकाणी पाना लावून ॲडजस्टर हाताने आवळतात आणि गाडी सोडून देतात. माप बरोबर येतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण आपोआप जुळवून घेणाऱ्या भागाला हाताने जुळवावं लागतंय, म्हणजे एक तर तोच बिघडलाय, किंवा ब्रेकच्या जोडणीतले क्लेव्हिस पिन, बुश, कॅमशाफ्ट यांपैकी काहीतरी झिजलंय. मूळ दोष तसाच राहतो आणि स्ट्रोक पुन्हा वाढत जातो.

म्हणून किती भरपाई वापरून झाली आणि किती शिल्लक आहे, हे बाहेरून दिसलं पाहिजे. साधी खूण, काउंटर, काहीही चालेल. दुरुस्त्या अचानक वारंवार होऊ लागल्या, तर तीच पहिली तक्रार समजा.

साठा किती वेळा पुरेल?

2001 मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या. तडा गेला की कुपी फुटते, द्रव फटीत शिरतो आणि तिथल्या उत्प्रेरकाला लागून घट्ट होतो. मूळ चिवटपणापैकी 75 टक्क्यांपर्यंत परत मिळाला. कामगिरी मोठीच, पण फुटलेली कुपी रिकामी झाली ती झालीच. त्याच जागी पुन्हा तडा गेला तर? 2007 मध्ये त्याच विद्यापीठात केशवाहिन्यांसारखं जाळं वापरल्यावर एकाच जागी सात वेळांपर्यंत दुरुस्ती जमली. तुमच्या भागाला किती वेळा दुरुस्ती लागणार, हे आधी ठरवा. आणि भाराचा हिशेब करताना दुरुस्तीनंतरची ताकद धरा, नव्या भागाची नको. सीलंटवाल्या (आत भोक बुजवणारा द्रव असलेल्या) टायरचंही तसंच: रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडमधलं खिळ्याचं भोक बुजेल, साइडवॉल (टायरची बाजू) फाटली तर सीलंट काही करू शकत नाही.

न थांबणारे प्रयत्न

वीजवाहिनीवर फांदी क्षणभर टेकली की पुरवठा तुटतो. रिक्लोझर हा आपोआप चालणारा स्विच थोड्या वेळाने तो पुन्हा जोडतो, कारण हवेतल्या तारांवरचे बहुतेक दोष तात्पुरते असतात. पण ठरावीक प्रयत्नांनंतरही दोष हटला नाही, तर रिक्लोझर लॉकआउट होतो, म्हणजे प्रयत्न थांबवतो, आणि माणूस येईपर्यंत बंद राहतो. हे लॉकआउट विसरलेला कंट्रोलर जाम झालेली मोटर पुन्हा पुन्हा सुरू करत शेवटी वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जाळतो. मग लोक मोटरला दोष देतात!

निदानाआधीच उपचार

रीडिंग बिघडलं म्हणजे यंत्रच बिघडलं असं नाही, सेन्सरही बिघडतो. 2006 मध्ये बोंगार्ड, झायकोव्ह आणि लिप्सन यांच्या चारपायी रोबोने चांगली पद्धत दाखवली. पायाचा एक भाग काढल्यावर त्याने आधी मुद्दाम काही हालचाली केल्या, सेन्सरच्या उत्तरांवरून स्वतःच्या शरीराचं नवं मॉडेल बनवलं आणि मगच वेगळी चाल शोधली. तुमच्या यंत्रणेलाही दुरुस्तीआधी अशी एखादी छोटी, बिनधोक हालचाल करून बघू द्या. अपेक्षित प्रतिसाद आणि मिळालेला प्रतिसाद यांतला फरक बरंच काही सांगतो.

स्टँडबायवर आंधळा भरवसा

दोन पंप आहेत, पण दोघांना तेल एकाच टाकीतून आणि वीज एकाच केबलने. मग दुसरा पंप कशासाठी? शिवाय वर्षभर न फिरलेला पंप ऐन वेळी जाम निघतो, म्हणून पाळी ठरवून दोघांनाही चालवा.

चाचणीत भाग पूर्ण तोडून बघणं सोपं असतं, त्यामुळे तेवढंच केलं जातं. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो, पट्टा थोडासाच घसरतो, कनेक्टर गरम झाल्यावरच सुटतो. असे अर्धवट बिघाड मुद्दाम घडवा, आणि दुरुस्ती चालू असताना मध्येच वीज घालवून बघा.