घरातील परवानाधारक शस्त्रांचा विमा कसा उतरवावा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत घरात बंदूक असणे ही तशी अपूर्वाईची गोष्ट नाही. जावळी, पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या डोंगरी भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडणाऱ्या गावांतील निवृत्त जवान सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी स्वतःची बारा बोअर बंदूक घेतात. आणि औंध, फलटण, मिरज, जत या जुन्या संस्थानांच्या परिसरातील काही वाड्यांत आजोबा-पणजोबांची शस्त्रे अद्याप जपलेली आहेत. माझ्या ओळखीच्या अशा बहुतेक घरांत मोटारसायकलचा विमा वेळेवर भरला जातो, शस्त्राच्या विम्याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो.

मीही तो नीट केला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा धोक्याची ४५ फुटांची पातळी कधी मागे पडली हेही आम्हाला कळले नाही. माणसे आणि जनावरे बाहेर काढण्याच्या धावपळीत तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटातील वडिलोपार्जित दुनळी तेथेच राहिली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तेव्हा दस्ता फुगून चिरला होता आणि दोन्ही नळ्यांना आतून गंज चढला होता. घराचा विमा होता आणि त्याच्या यादीत बंदुकीची नोंदही होती, पण ती नोंद ‘बंदूक १ नग’ एवढीच होती. क्रमांक, बनावट, किंमत यांपैकी काहीच नसल्यामुळे कंपनीने तिची किंमत जवळजवळ भंगाराच्या भावाने धरली, आणि त्यावर वाद घालण्यासाठी माझ्या हाती एकही कागद नव्हता. त्या अनुभवानंतर जे शिकलो आणि इतरांना करून दिले, तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

विमा कंपनीकडे जाण्याआधी आपल्याजवळील वस्तूंची कायद्याच्या दृष्टीने विभागणी करावी. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, वारशाने आलेली शस्त्रेही याच मर्यादेत मोजली जातात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली आहे. नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे. म्हणून आपल्याकडे ‘संग्रह’ म्हणताना त्यात परवान्यावरची एक-दोन शस्त्रे आणि त्यांच्या जोडीला परवाना न लागणाऱ्या वस्तू असतात. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जे जुन्या धाटणीचे, पुराणमूल्य असलेले किंवा मोडके शस्त्र दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. भिंतीवरची निकामी तोडेदार (पेटत्या वातीने उडणारी जुनी) बंदूक या वर्गात बसू शकते. परंतु ती खरोखरच निकामी आहे हे मालकाने स्वतः ठरवू नये. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून तपासून घ्यावी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी खुलासा मागून तो कागद जपून ठेवावा. तिसरा वर्ग एअर रायफलींचा. .१७७ कॅलिबरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, मात्र स्पर्धेच्या दर्जाच्या रायफलीची किंमत लाखांत जाते आणि नवोदित खेळाडूचे पालक तिलाच विम्यातून वगळतात, ही मला मोठी चूक वाटते.

परवाना कोणाच्या नावावर आहे, हा यानंतरचा प्रश्न आहे आणि येथेच अनेक घरांत अडचण निघते. वडील वारले, बंदूक कपाटातच राहिली आणि विमा मुलाच्या नावावर काढला, अशी स्थिती असेल तर त्या विम्याला आधारच राहत नाही, कारण मुलाचा त्या शस्त्रावरील ताबाच कायदेशीर नसतो. अशा वेळी शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, वारसाने स्वतःचा परवाना मिळवावा आणि मगच विम्याकडे वळावे. मुदत संपलेल्या परवान्याचेही तेच आहे. नूतनीकरणाचा अर्ज किमान दोन महिने आधी द्यावा आणि त्याची पोच विम्याच्या कागदांसोबत लावावी.

आता यादी. माझ्या मते या साऱ्या कामात सर्वाधिक वेळ यादीला द्यावा. बाकीचे काम तिच्यामानाने सोपे आहे. प्रत्येक शस्त्रासाठी स्वतंत्र पान करावे. त्यावर प्रकार, बोअर किंवा कॅलिबर, उत्पादक, नळीवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक, नळीची लांबी, परवाना क्रमांक, शासनाच्या राष्ट्रीय नोंदणीतील युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), खरेदीची तारीख आणि पावती यांचा तपशील द्यावा. दुनळीच्या दोन्ही बाजू, नळ्यांच्या तळाशी असलेले चाचणीचे शिक्के, घोड्यावरील कोरीवकाम, दस्त्यावरचा एखादा जुना ओरखडा, अशा ओळख पटवणाऱ्या खुणांची दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. क्रमांक परवान्यावर एक आणि शस्त्रावर दुसरा असे कारकुनी चुकीमुळे पुष्कळदा घडलेले असते. ती चूक आजच दुरुस्त करून घ्यावी, कारण चोरीनंतर ती दुरुस्त करायला शस्त्रच हाती नसते. दुर्बीण, चामड्याची पेटी, साफसफाईचा संच यांच्या नोंदी वेगळ्या कराव्यात. काडतुसांचा उल्लेख कंपनीला स्पष्टपणे करावा, कारण घरगुती विम्याच्या पॉलिसीत स्फोटक पदार्थ खास नोंद नसल्यास वगळलेले असतात. या यादीची एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, ठेवावी.

किंमत ठरवताना खरेदीच्या पावतीवर अवलंबून राहू नये. परदेशी शस्त्रे खासगी व्यक्तींना आयात करण्यावर १९८० च्या दशकात बंधने आल्यापासून देशात आधीच असलेल्या वेब्ली अँड स्कॉटसारख्या ब्रिटिश बनावटीच्या जुन्या बंदुकांना त्यांच्या मूळ किमतीशी मेळ न बसणारी किंमत येते. उलट ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील बारा बोअरची किंमत वापराने उतरलेली असू शकते. परवानाधारक विक्रेत्याकडून लेटरहेडवर, क्रमांकासह मूल्यांकन घ्यावे आणि ते दर दोन-तीन वर्षांनी नवे करावे. किंमत कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा, कारण बहुतेक पॉलिसींत सरासरीची अट असते, म्हणजे विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाईही कमी. समजा सर्व शस्त्रांची खरी किंमत ४ लाख रुपये आहे आणि विमा २ लाखांचाच आहे, तर १ लाखाची बंदूक चोरीला गेल्यावर हाती ५० हजारच पडतील. वडिलोपार्जित किंवा दुर्मीळ वस्तूसाठी ‘मान्य मूल्य’ (दोघांनी आधीच ठरवलेली किंमत) या तत्त्वावर पॉलिसी देता का, हे कंपनीला लेखी विचारावे.

पॉलिसी निवडताना फसगत होते ती ‘घराचा विमा आहे’ या समाधानामुळे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या देत असलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप यांसाठी चांगली आहे. मात्र तिच्यात चोरी फक्त अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तरच धरली जाते. एरवी रात्री कुलूप तोडून बंदूक नेली, तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा किंवा अनेक विभागांची हाउसहोल्डर पॉलिसी लागते, आणि शस्त्र घराबाहेर नेले जात असेल तर ‘ऑल रिस्क’, म्हणजे घराबाहेरही लागू राहणारे व्यापक संरक्षण लागते. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांसह दोन-तीन ठिकाणी विचारणा करावी. शाखेतील कर्मचाऱ्याने तोंडी होकार दिला तरी तेवढ्यावर थांबू नये; शस्त्राचा क्रमांक आणि रक्कम पॉलिसीच्या परिशिष्टात छापून आली आहे का, हे पाहूनच हप्ता भरावा.

त्यानंतर वगळलेल्या बाबी ओळ न् ओळ वाचाव्यात. घरफोडीच्या विम्याला बळजबरीने प्रवेश केल्याची खूण लागते. मूळ किल्लीने कपाट उघडले गेले, घरातल्याच माणसाचा किंवा नोकराचा हात निघाला, घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद होते किंवा वस्तू ‘कशी नाहीशी झाली ते कळत नाही’, अशा प्रसंगी दावा नाकारला जाऊ शकतो. गंज, झीज, दुरुस्ती करताना झालेले नुकसान आणि सरकारी जप्ती यांची भरपाई सहसा मिळत नाही. शस्त्रामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर ती जबाबदारी या विम्यात येत नाही. तो विषयच वेगळा आहे.

ठेवण्याच्या जागेबाबत नियम आणि विमा कंपनी यांची अपेक्षा एकच आहे: भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्के केलेले पोलादी कपाट, शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाकडेच. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी हे कपाट वरच्या मजल्यावर ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर याला दुसरा पुरावा लागू नये. बँकेच्या लॉकरचा विचार करू नये, कारण लॉकरच्या करारात शस्त्रे ठेवण्यास मनाई असते.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि ते तेथे कित्येक आठवडे राहते. पॉलिसीत फक्त घराचाच पत्ता असेल, तर या काळात संरक्षण उरते की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जमा केलेल्या जागीही विमा लागू राहील, असे पृष्ठांकन (पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी) मागावे. जमा करताना शस्त्राचा क्रमांक आणि स्थिती लिहिलेली पावती घ्यावी. विक्रेत्याकडे ठेवत असाल, तर त्याच्या स्वतःच्या विम्यात ग्राहकांची शस्त्रे समाविष्ट आहेत का, हेही विचारावे.

चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता आधी पोलिसांना कळवावे. शस्त्र हरवल्याची खबर विनाविलंब देणे ही परवान्याची अट आहे आणि या कामात एक दिवसाची दिरंगाईही परवान्यावर येऊ शकते. फिर्यादीत क्रमांकासह पूर्ण वर्णन द्यावे आणि कुलूप, कडी किंवा गज तोडल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या केवळ कलम ३०५ खाली, म्हणजे राहत्या घरातील चोरी म्हणून नोंदला गेला की घरफोडीचे कलम ३३१ ही लागले, यावर पुढे दाव्यात बराच फरक पडतो. म्हणून जे प्रत्यक्ष घडले ते सारे नोंदवले गेले आहे, याची खात्री सही करण्याआधी करावी. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी अर्जाने कळवून दोन्हींची पोच घ्यावी. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेले कपाट दुरुस्त करू नये.

तपास लागला नाही, तर कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात याला ‘ए समरी’ म्हणतात. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा माल सापडला नाही, असा त्याचा अर्थ. तो न्यायालयातून मंजूर होऊन हाती यायला महिने लागतात, म्हणून पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात पाठपुरावा ठेवावा. दावा अन्यायाने नाकारला किंवा कापला गेला असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

पैसे मिळाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी चोरीचे शस्त्र पोलिसांना सापडते, असेही होते. भरपाई दिल्यामुळे कंपनी त्या वस्तूवर हक्क सांगू शकते, परंतु परवान्याशिवाय तिला ते शस्त्र ताब्यात घेता येत नाही. म्हणून दाव्याच्या अंतिम पावतीवर सही करतानाच, शस्त्र परत मिळाल्यास भरपाईची रक्कम परत करून ते आपल्या परवान्यावर परत घेण्याचा पहिला हक्क आपला राहील, असे पत्र कंपनीकडून लिहून घ्यावे. वडिलांच्या हातची बंदूक असेल, तर हे पत्र मागायला अजिबात संकोच करू नये.